टाकीच्या आतला रंग

दगड रात्रभर आजीच्या पलंगावर झोपला होता. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला, उशीला टेकवलेला. आजारी माणसाला घरच्यांनी हलक्या हाताने पांघरूण घालावं, तसा. अदीना आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. थडग्यावर दगड उभा राहत नाही तोवर गेलेलं माणूस धड गेलेलं नसतं, हे कॅरिआकू बेटावर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून व्हर्लिन आत्या ब्रुकलिनहून दगड घेऊन आली होती आणि सकाळपासून त्याच्याशीच बोलत होती.

"आई, ऊन जरा कडकच आहे बघ आज. पण तुझ्या डोक्यावर आंबा आहे. काळजी करू नकोस."

दारात उभ्या असलेल्या जोनेलला हसू आलं. आजी जिवंत होती तेव्हा या मायलेकींचं फोनवर धड पाच मिनिटंही पटायचं नाही. ती काहीतरी बोलणार, तोच तिचा फोन वाजला. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यातून सिस्टर ऑगस्टा.

जोनेल व्हरांड्यात आली. खाली अंगणात तीन दगडांच्या चुलींवर मोठमोठी पातेली चढली होती. गल्लीची मावशी, टांटी क्लॅरिस, हातात वल्ह्याएवढा पळा घेऊन सगळ्यांना फैलावर घेत होती. एका पातेल्यात तुरीचे दाणे, एकात बकऱ्याचं मटण, आणि सगळ्यात मोठ्यात कुकूसाठी पाणी उकळत होतं. त्यात मक्याचं पीठ पडायचं बाकी होतं. सगळा गाव जेवायला येणार होता.

"जोनेल, बसलीयस का? आधी बस बाई कुठेतरी."

"उभीच बरी आहे, सिस्टर. सांगा."

"तुझ्या कीयाच्या रक्ताचा अहवाल आला. शिसं निघालंय. थोडंथोडकं नाही."

जोनेलच्या डोळ्यांपुढे मासेमारीच्या जाळ्याच्या कडेला ओवलेल्या गोळ्या आल्या. "शिसं म्हणजे... जाळ्याला बांधतात ते?"

"तेच. चालवून घेतात त्याच्या दहापट आहे. ऐक, घाबरून चालायचं नाही. वेळेवर थांबवलं तर पोरं सुधारतात. दुपारच्या बोटीने तिला घेऊन ये, आम्ही इथे सगळं तयार ठेवतो. पण आधी ते येतंय कुठून, ते शोधायला हवं. घरात जुना रंग आहे का? खिडक्या, पाळणा? तुमच्याकडे तर बोटी बांधतात."

"बोटींच्या मांडवाजवळ मी तिला फिरकूसुद्धा देत नाही, सिस्टर. खिळे असतात, भुसा असतो."

"मग पोटातून जातंय. पाणी कुठलं पिते?"

"टाकीचं. पावसाचं. आमच्या टाकीइतकं स्वच्छ पाणी सबंध..."

वाक्य तिथेच तुटलं. तिला मासे आठवले.

पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या या बेटावर प्रत्येक टाकीत बोटाच्या पेराएवढे मासे सोडतात. ते डासांची अंडी खातात आणि टाकी निर्मळ ठेवतात. वादळानंतर अल्बन आजोबांनी टाकी दुरुस्त केली आणि चर्चच्या टाकीतून बाटली भरून मासे आणून सोडले. आठवड्यात सगळे पोट वर करून तरंगले. त्यांनी पुन्हा आणले, पुन्हा तेच. "बगळ्याची घाण पडली असेल," आजोबा म्हणाले होते आणि पन्हळीला जाळी मारून मोकळे झाले होते. त्या वेळी जोनेल कीयाला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या जोनेलने त्या माशांची मात्र काळजी केली नव्हती.

"जोनेल? आहेस ना?"

"येते दुपारच्या बोटीने," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कीयाची बोलती बंद झाली ती नाताळच्या सुमारास. त्याआधी ती 'बोट' म्हणायची, 'पप्पा' म्हणायची, कोंबडीला हाका मारायची. हळूहळू एकेक शब्द गळाला. पोट धरून रडायची, जेवण पुढ्यात आलं की तोंड फिरवायची. "कॉलेजात शिकलेल्या आया," टांटी क्लॅरिस चारचौघांत म्हणाली होती, "पोर शिंकलं तरी पुस्तक उघडून बसतात. अगं, मुकी राहिली तर नवऱ्याचं नशीब समज." सगळे हसले होते. जोनेलही हसली होती. आणि पुढच्याच बोटीने पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती.

घरामागच्या उतारावर टाकी होती. छपराच्या पन्हळी तिच्यात उतरत होत्या आणि वर तिच्या वडिलांनी, नॉरिस पप्पांनी, बसवलेली सूर्यावर वीज करणारी तावदानं निळी चमकत होती. वादळाने गावातल्या विजेच्या तारा मोडून पडल्या, तेव्हा पहिला दिवा याच तावदानांवर लागला होता आणि पहिला पंपही याच घरी चालला होता. तेव्हापासून अख्खी गल्ली फाटकावरच्या नळावर पाणी भरत होती.

"केर्विन," तिने नवऱ्याला हाक मारली, "टाकीचं झाकण उचल जरा."

"आत्ता? पाहुणे येतायत."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून जड फळी सरकवली. जोनेल पोटावर आडवी झाली, फोनचा उजेड पाडला आणि डोकं आत घातलं.

टाकीच्या भिंती शेंदरी होत्या.

जुन्या चुन्याचा पांढरा रंग औषधालाही उरला नव्हता. वरपासून पाण्यापर्यंत आणि पाण्याखाली उजेड पोहोचेल तिथपर्यंत भिंतींवर जाड, तुकतुकीत शेंदरी लेप होता. भेगा बुजवलेल्या जागी तो फुगून आला होता, आणि काही ठिकाणी त्याचे पापुद्रे सुटून पाण्यात लोंबत होते. तिने डोकं बाहेर काढून मान वळवली. चाळीस पावलांवर, बदामाच्या झाडाखाली, आजोबांची अर्धवट बांधलेली बोट उपडी पडली होती. तिच्या तळालाही हाच रंग होता.

केर्विनने वाकून पाहिलं. एक पापुद्रा नखाने सोलला.

"बोटीचा आहे हा," तो म्हणाला. "शिशाचा."

"तुला माहीत होतं?"

"आतून लेप दिलाय, एवढं माहीत होतं. कशाचा ते विचारलं नाही. आजोबांना कोण विचारतं?"

"मी विचारायला हवं होतं."

"जोनेल, मी त्यांच्या हाताखाली बोटी बांधतो. विचारायचं तर मी विचारायला हवं होतं."

खाली नळ सुरू झाला. टांटी क्लॅरिस चौथं पातेलं भरत होती. जोनेल धावत गेली आणि पंपाचा खटका पाडला. पाण्याची धार बारीक झाली, खोकली आणि थांबली.

"नॉरिस," टांटी क्लॅरिस घराकडे बघून ओरडली, "तुझा सूर्य झोपला का रे?"

अंगणात हशा पिकला. जोनेल चुलीपाशी आली. तिचा आवाज कसा कोण जाणे शांत निघाला.

"टांटी, कुकूत पीठ टाकू नका. कुणाला काही वाढू नका. प्यायलाही काही देऊ नका."

"का? आता उपासाचा दिवस काढलाय का?"

"मी आत जाऊन येते. तोवर एवढं ऐका माझं."

टांटीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला बोलायचं तर बरंच होतं, पण तिने पळा पातेल्यावर आडवा ठेवला. "पाच मिनिटं," ती म्हणाली. "मग मी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."

*

जोनेलने घरच्यांना आजीच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. पलंगावर दगड होता, म्हणून बाकीचे उभेच राहिले. जोनेलने एका दमात सगळं सांगून टाकलं. कीया केर्विनच्या खांद्यावर डोकं टेकून बोटं चोखत होती.

"शिसं," व्हर्लिन आत्या म्हणाली. "हे कुठून काढलंस आता? पाणी उकळलंय ना? तासभर खळखळ उकळतंय. त्यात कुठला जंतू राहिलाय?"

"हा जंतू नाही, आत्या. धातू आहे. उकळून जात नाही. पाणी आटतं आणि तो मागे राहतो."

"मी लहानपणापासून याच टाकीचं पाणी पिऊन वाढले."

"तेव्हा आतून चुना होता. वादळात टाकी तडकली, त्यानंतर आजोबांनी..."

"आज नको," आत्या म्हणाली. "आज आईचा दिवस आहे. तीन वर्षं मी या दिवसाची वाट बघितली. माणसं हजार मैलांवरून आलीत. त्यांना काय सांगू, जेवू नका, विष आहे? आई कबरीतून उठून थोबाडीत मारेल मला."

"थोबाडीत तर मीच मारून घेते," जोनेल म्हणाली. "पोर तीन महिने मुकी बसलीय."

आत्याने कीयाकडे पाहिलं आणि मान वळवली.

नॉरिस पप्पा खिडकीशी उभे होते. जोनेलला वाटलं, निदान ते तरी आपल्या बाजूने उभे राहतील. लहानपणी तिच्या प्रत्येक शंकेला त्यांनीच उत्तर दिलं होतं. आणि सुरुवातीला ते उभे राहिलेही.

"पाणी बंद म्हणजे बंद," ते म्हणाले. "व्हर्लिन, यात वाद नको. खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रावर माझा दोस्त आहे. त्याला सांगतो टँकर पाठवायला. जेवण परत करायला घेऊ. थोडा उशीर होईल, दुसरं काय."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"पंप बिघडला म्हणून सांगू."

"पप्पा," जोनेल म्हणाली, "हे लोक रोज आपल्या नळावर पाणी भरतात."

"ते उद्या बघू. आज पंप-योजनेच्या समितीची माणसं येणार आहेत पंप बघायला. गल्लीतल्या प्रत्येक घरावर तावदानं बसवायचं ठरतंय. कित्येक महिने मी त्यांच्या मागे लागलोय, जोनेल. आज त्यांच्यासमोर म्हणायचं, आमच्या टाकीत विष आहे? पुढच्या जन्मीसुद्धा इथे पंप बसायचा नाही."

"पंप चांगलाच आहे. पण तो हेच पाणी वर चढवतोय ना."

"म्हणूनच म्हणतो, उद्या. मी स्वतः घरोघर जाऊन सांगतो."

"आज रात्री तेच पाणी पितील ना लेकरं."

"सहा महिने प्यायली," पप्पा म्हणाले, आणि शब्द तोंडातून निघताक्षणी त्यांचा चेहरा पडला. पण त्यांनी ते मागे घेतले नाहीत.

दार उघडून अल्बन आजोबा आत आले. काळा कोट घातलेला, डोक्यावर टोपी. कोटाची बटणं त्यांना लावता येत नव्हती. हल्ली हात थरथरायचे. वय झालं, असं सगळे म्हणायचे. जोनेलने आज त्या हातांकडे निराळ्या नजरेने पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

"अजून निघालो नाही?" आजोबा म्हणाले. "म्हातारी ताटकळलीय."

केर्विन म्हणाला, "आजोबा, टाकीच्या आत तुम्ही काय लावलंत?"

"लाल शिसं. आणखी काय लावणार? वादळानंतर चुना होता का, सिमेंट होतं का? माझ्या मांडवातले डबे तेवढे वाचले होते." ते जरा ताठ झाले. "बोटीत पाणी येऊ नये म्हणून जे लावतात, ते टाकीतून पाणी जाऊ नये म्हणून लावलं. आधी भेगांत सूत ठोकलं, मग पुट्टी, मग दोन हात रंग. थेंब गळला का तेव्हापासून?"

"नाही," जोनेल म्हणाली. "थेंब गळला नाही. ते पाण्यात उतरलं, आजोबा. कीयाच्या रक्तात उतरलंय."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कीयाकडे, मग पलंगावरच्या दगडाकडे. जणू अदीना आजीच त्यांना काहीतरी सांगणार होती.

"मी पन्नास वर्षं त्यात हात घातलेत," ते म्हणाले. "हातांनी पुट्टी मळलीय. मला कुठे काय झालं?"

ते पुन्हा बटणाशी झटू लागले. केर्विनने कीयाला जोनेलकडे दिलं, पुढे होऊन बटणं लावली आणि आजोबांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. तरीही ते हात हलतच राहिले.

"दवाखान्यात काय म्हणतात?" आजोबांनी विचारलं.

"आजच्या बोटीने बोलावलंय. बरी होईल म्हणतात, वेळेवर थांबवलं तर. पण किती बरी होईल, ते कुणी सांगत नाही."

आजोबा पलंगाच्या कडेवर, दगडाच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "आणि दुसऱ्या टाक्या?"

नॉरिस पप्पा खिडकीपासून वळले.

"कुठल्या दुसऱ्या टाक्या?" पप्पांनी विचारलं.

"वादळानंतर सगळे मोठ्या बेटावर निघून गेलात. शाळेत, चर्चमध्ये, नातेवाइकांकडे. मी मागे राहिलो. कुणाच्या घराला छप्पर नव्हतं, टाक्या फुटलेल्या. लोक परत आले की पाणी कुठून आणतील? म्हणून मग मी..." त्यांनी हात हवेत फिरवला, जणू ब्रश धरलाय. "डबे होतेच."

"बापू," आत्या म्हणाली. "किती घरं?"

"सांगायचं नसतं ते."

"सांगायचं नसतं म्हणजे?"

"केलेलं बोलून दाखवलं की पुण्य आटतं. तुझी आजी म्हणायची."

जोनेलला आता कळलं. म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. लोक परत आले, टाक्या गळत नव्हत्या, आणि देवाची कृपा म्हणून त्यांनी झाकणं लावून घेतली. टाकीत डोकं घालून भिंत कोण बघतं? कोणत्या घरी कोणतं पोर मुकं होत चाललंय, कोणाचं पोट दुखतंय, कोण जाणे; त्या घरांची यादी या एका म्हाताऱ्याच्याच डोक्यात होती.

"आता तर आज बोलायचंच नाही," नॉरिस पप्पा म्हणाले. आवाज खाली, पण कडक. "ऐका सगळ्यांनी. आपली एक टाकी असती तर गोष्ट वेगळी. आता लोक म्हणतील, अल्बनने गाव विषावर घातलं. ज्याने कुणाला न सांगता मदत केली, त्याचं नाव या वयात मातीत घालायचंय? बापाचा विचार करा. मी उद्यापासून एकेका घराची टाकी काहीतरी निमित्त काढून रिकामी करतो. साफ करतो, चुना लावतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"आणि रक्त?" जोनेलने विचारलं. "रक्त कोणतं निमित्त काढून तपासणार, पप्पा?"

"तू जरा गप्प बस."

"बसणार नाही."

"नॉरिस." आत्या मध्ये पडली. तिने पदर खोचावा तशी कमरेच्या शालीला गाठ मारली. "मी सतरा वर्षं म्हाताऱ्यांचं करतेय तिकडे. सगळे जाताना एकच म्हणतात, मला कुणी सांगितलंच नाही. मुलींनी सांगितलं नाही, डॉक्टरने सांगितलं नाही. दगड मीच आणला. दिवस माझ्या आईचा आहे. आणि मी म्हणते, आजच."

"मघाशी तूच आज नको म्हणत होतीस."

"मघाशी मला एकच टाकी माहीत होती."

पप्पांनी केर्विनकडे पाहिलं, निदान पुरुष म्हणून हा तरी आपल्या बाजूने उभा राहील, अशा नजरेने. केर्विनने आजोबांचे हात सोडले नाहीत. "आजोबा सांगतील ते," तो म्हणाला.

आजोबांनी उठून दगडावर हात ठेवला. "आधी तिला बाहेर न्या," ते म्हणाले.

*

टँकर आला. खारं पाणी गोडं करणारं ते केंद्र सूर्यावरच चालतं, एवढाच त्या दिवशी पप्पांचा आनंद. टांटी क्लॅरिसने आपल्या हातांनी पातेली उपडी केली. काय घडलंय ते तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, पण जोनेलचा चेहरा तिने पाहिला होता. मटण ओतून देताना ती एवढंच म्हणाली, "या बकऱ्याला मी नावाने ओळखत होते."

अर्ध्या जेवणाची सोय झाली, अर्ध्याची नाही. लोकांनी काही विचारलं नाही. थडग्यापाशी सगळे गोळा झाले. दगडावरची चादर काढली, मुळाशी माती ठोकली, अंडी फोडली, तांदूळ टाकले. मग ज्येष्ठाने पुढे होऊन जमीन ओली करायची. प्रत्येक घोटासरशी मेलेल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला प्यायला बोलवायचं. गेलेल्यांना आधी, जिवंतांना मागून. आजोबा पुढे आले तशी माणसं शांत झाली. समितीची दोन माणसं छत्रीखाली उभी होती. पप्पा त्यांच्या शेजारी, हात पाठीमागे घट्ट धरून.

आत्याने आजोबांच्या हातात रमचा ग्लास दिला आणि दुसऱ्या हातात पाण्याचा. ग्लासातलं पाणी डचमळत होतं. आजोबांनी ते पाहिलं.

"टाकीचं?"

"सकाळी भरून ठेवलं होतं, बापू. तेव्हा माहीत नव्हतं."

त्यांनी पाण्याचा ग्लास परत तिच्या हातात दिला. रम जमिनीवर ओतली. "अदीना," ते म्हणाले, "घे. पाणी आज नाही तुला."

गर्दीत कुजबुज झाली. असं कधी झालं नव्हतं. मेलेल्या माणसाला पाण्यावाचून परत पाठवत नाहीत.

आजोबांनी रिकामा ग्लास खाली केला. आता ते आपल्या आईबापाची, भावंडांची नावं घेतील, म्हणून जुनी माणसं ओठ हलवत तयार होती. पण आजोबा थडग्याकडे पाठ करून माणसांकडे वळले.

"वादळानंतर तुम्ही इथे नव्हतात," ते म्हणाले. "मी तुमच्या टाक्या बुजवल्या. मला वाटलं, चांगलं करतोय. बोटीच्या तळाला लावतात ते शिसं मी आतून लावलं. ते पाण्यात उतरतं. माझ्या पणतीच्या रक्तात उतरलंय. मी आता नावं घेतो. ज्याचं नाव येईल त्याने आज टाकीचं पाणी पिऊ नये. पोरांना दवाखान्यात न्यावं."

वारा होता आणि आंब्याची पानं तेवढी वाजत होती.

"ओडेसा," आजोबा म्हणाले.

पोटुशी ओडेसा मागच्या रांगेत उभी होती. तिचा हात नकळत पोटावर गेला.

"कटबर्ट. मेलिसा, जुळ्यांची आई. खालच्या वळणावरची लिओना. हेझलचं बंद घर, त्यात आता भाड्याने राहतात ते."

प्रत्येक नावानंतर ते थांबत होते, जसं मेलेल्यासाठी थांबतात, त्याने येऊन घोट घ्यावा म्हणून. जोनेलला ते ऐकवत नव्हतं आणि कान बंदही करवत नव्हते. नाव आलं की गर्दीत एक जागा हलायची. कुणीतरी पोराला जवळ ओढायचं. मेलिसाने जुळ्यांना इतकं घट्ट धरलं की त्यांतलं एक रडायला लागलं.

"क्लॅरिस," आजोबा म्हणाले.

टांटी क्लॅरिस पळा हातात घेऊन उभी होती. ती हलली नाही. तिचा नातू, तीन वर्षांचा, तिच्या पायाशी मातीत बसून दगडाने दगड ठोकत होता. "काय?" ती म्हणाली, जणू कुणीतरी दुसऱ्याच क्लॅरिसला हाक मारली होती. "माझी टाकी? माझ्या टाकीला तर तुम्ही हात..."

"तू मोठ्या बेटावरच्या शाळेत होतीस तेव्हा. मागचं फाटक उघडं होतं."

आता कुणीतरी मोठ्याने बोललं, मग दुसरं कुणी, आणि मग सगळेच. कुणी आजोबांना शिव्या दिल्या, कुणी त्या देणाऱ्याला गप्प केलं. समितीची माणसं छत्री मिटून पुढे आली. नॉरिस पप्पा जागेवरून हलले ते सरळ जाऊन बापाच्या शेजारी उभे राहिले. बाजू घ्यायला की त्याला अडवायला, ते जोनेलला कळलं नाही. पण ते उभे राहिले, आणि आजोबा पुढचं नाव घेत होते.

*

धक्क्यावर दुपारची बोट लागली होती. केर्विन मागे राहिला होता. कुठल्या घराचा नळ आधी बंद करायचा ते आजोबांकडून समजून घ्यायला. जोनेल कीयाला कडेवर आणि पिशवी खांद्यावर घेऊन फळीवर चढली, तेव्हा तिला वाटत होतं आपण एकट्याच असू.

मेलिसा आधीच आत बसली होती, जुळी तिच्या दोन्ही मांड्यांवर. ओडेसा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून होती. लिओना आणि तिच्या मुली आल्या. सगळ्या जेवणाला म्हणून नटून आलेल्या होत्या, तशाच. पांढरे मोजे, केसांत फिती.

"आज जेवण टाकून सगळेच निघालात?" तिकीट फाडणाऱ्याने हसून विचारलं. लिओनाने पैसे पुढे केले, आणि त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

सर्वांत शेवटी टांटी क्लॅरिस आली. नातू तिच्या काखेत, पाय लोंबकळत. झग्याला अजून चुलीचा धूर. तिने सगळ्या बोटीवरून नजर फिरवली. जोनेलच्या शेजारची जागा मोकळी होती. ती क्षणभर तिथेच उभी राहिली, आणि जोनेलला वाटलं, आता ही आजोबांवरून आपल्याला बोलणार. बोलली असती तरी जोनेलने ऐकून घेतलं असतं.

"सरक," टांटी म्हणाली.

जोनेल सरकली. टांटी बसली, नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या नाकाला लागलेली माती अंगठ्याने पुसली. बोट हलली. किनारा मागे पडायला लागला, तशी तिने विचारलं, "रक्त कुठून काढतात गं? बोटातून?"

"दंडातून. सुई असते, टांटी. जरा दुखतं."

"रडेल हा."

"कीयाही रडली होती."

टांटीने नातवाचा दंड चाचपला. मग म्हणाली, "मग याला तू धर. तुझे हात थरथरत नाहीत."

जोनेलने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात कीयाच्या पाठीवर होते आणि थरथरत होते. तिने ते दाखवले नाहीत. "धरीन," ती म्हणाली.